ऑडिओमॉथ: बंदुकीचा बार टिपतो, फासकी नाही

जंगल दाट दिसतं, पण मोठी फळं खाऊन त्यांच्या बिया दूर नेणारे धनेश आणि माकडं शिकारीने संपलेली असतात. उपग्रहाच्या चित्रात हे दिसत नाही, ऐकावं लागतं. उष्णकटिबंधातल्या जंगलात त्यासाठी ऑडिओमॉथ हा ध्वनिमुद्रक घ्यावा. मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या जंगलात तो बंदुकीचे बार ओळखण्यासाठी वापरला गेला आहे.

तीन एए सेल, एक मायक्रोएसडी कार्ड, सेलसकट वजन सुमारे 80 ग्रॅम. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो) 8 ते 384 किलोहर्ट्‌झ. वरची टोकं वटवाघळांसाठी. बंदुकीच्या बारासाठी 8 पुरतो. त्यात 4 किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज येतो, म्हणजे यांत्रिक करवतीची घरघर आणि मोठ्या धनेशांच्या खर्जातल्या हाकाही. अखंड मुद्रणाला दिवसाला सुमारे 1.4 जीबी लागतात, तेव्हा 32 जीबीचं कार्ड तीन आठवडे पुरतं. सेल मात्र त्याआधीच संपू शकतात. सेटिंगच्या अ‍ॅपमध्ये रोजच्या विजेचा अंदाज दिसतो, तो सेलच्या क्षमतेशी ताडून बघा.

सगळ्यात जास्त घोळ वेळापत्रकात होतो. दर पाच मिनिटांतलं एकच मिनिट मुद्रित करणं पहाटेच्या पक्ष्यांसाठी ठीक, पण बार क्षणात संपतो आणि पाचातले चार हातचे जातात. आवाज मोठा झाला की चालू होणारी सोय मोहात पाडते. पावसाळ्यात तीच सोय सरी आणि विजांच्या कडकडाटाने कार्ड भरून टाकते. घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेवर चालतं. सेल बदलले की वेळ पुन्हा लावा, नाहीतर रात्रीची शिकार दिवसाची दिसेल.

बोर्ड उघडाच असतो, कवच वेगळं घ्यावं लागतं. झिपची पिशवी आणि सिलिका जेल यावर काम भागतं, पण प्लॅस्टिकवर पडणारे थेंब ऐकण्यासारखं काही ठेवत नाहीत. पावसाळी जंगलात कवचच घ्या.

धनेशाची हाक आली म्हणजे त्याने बी मूळ झाडापासून दूर नेऊन टाकली, असं नाही. त्यासाठी झाडाखाली आणि झाडापासून लांब एकेक चौरस मीटरच्या जाळ्या लावून बिया मोजा, दोन्हीकडची रोपंही मोजा. मोठ्या बियांच्या झाडांची रोपं फक्त मूळ झाडाखालीच दाटली असतील, तर बिया वाहणारे कमी झाल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

बार ऐकू आले नाहीत म्हणून शिकार नाही, असंही समजू नका. फासकीला आवाज नसतो, आणि तीत बिया पुरून ठेवणारे कृंतकही (उंदीर-खारीसारखे कुरतडणारे प्राणी) सापडतात. कार्ड बदलायला जाल तेव्हा जनावरांच्या पायवाटा धरून तारा आणि वाकवलेल्या फांद्या शोधा.