साताऱ्यात मिळणाऱ्या तयार रिंगा: वापरानंतरचे मत

फ्रान्समधील अभियंता फ्रान्स्वा एनेबिक याने १८९२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत तुळईतील मुख्य सळ्यांना लोखंडी पट्ट्यांच्या रिकिबींनी बांधण्याची कल्पना होती. तीच आज आपल्या स्लॅबवर ‘रिंग’ म्हणून ओळखली जाते. साताऱ्यातील घराच्या बांधकामासाठी मी एका स्थानिक विक्रेत्याकडून यंत्रावर वाकवलेल्या आठ मिलिमीटरच्या रिंगा घेतल्या. मापे अचूक होती, कोपरे काटकोनी होते आणि फिटरचे दोन दिवस वाचले.

मात्र पहिल्या खेपेतील रिंगांचे आकडे, म्हणजे रिंग बंद करणारी वाकवलेली टोके, ९० अंशांतच वाकवलेले होते. भूकंपाच्या हादऱ्यात कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा बाहेरचा थर, निखळले की असे आकडे उघडतात, म्हणूनच भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या मानकात ते १३५ अंशांत वाकवून टोक किमान ६५ मिलिमीटर आत ठेवण्यास सांगितले आहे. ज्या जिल्ह्याने ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप सोसला, तिथे ही बाब विक्रेत्याला गिऱ्हाइकाने सांगावी लागावी, हे मला खटकले. माल विनातक्रार बदलून मिळाला, पण वाहतुकीचा खर्च माझ्याच माथी आला. मागणी नोंदवताना आकड्याचा कोन आणि टोकाची लांबी लेखी द्यावी.