डीबीलेटेक: काही महिने रोज वापरून आणि सांभाळून झाल्यावर

आमच्याकडे मशीनची मॅन्युअल्स डॉकबुकमध्ये आहेत, म्हणजे मजकुराला एक्सएमएलचे टॅग लावलेल्या फाइली, आणि छापायची पीडीएफ त्यातून डीबीलेटेक नावाच्या टूलने निघते. आधी हे बघणारा नोकरी सोडून गेला आणि पावसाळ्याच्या तोंडावर हे लोढणं माझ्या गळ्यात आलं.

काम कसं चालतं तर एक्सएसएलटी स्टाइलशीट्स (एक्सएमएल दुसऱ्या रूपात बदलायचे नियम) डॉकबुकचं लेटेक करतात, म्हणजे छापील पानं जुळवणाऱ्या लेटेकला कळेल असं रूप, आणि पायथनची स्क्रिप्ट बाकीची धावपळ करते. जीपीएलवालं आहे, म्हणजे मुक्त परवान्याचं, एक पैसा लागत नाही. अंडरस्कोर, टक्क्याचं चिन्ह, अँपरसँड असली लेटेकला चावणारी कॅरेक्टर्स स्वतःच सांभाळतं, मॅथएमएलची (एक्सएमएलमध्ये गणित लिहायची पद्धत) समीकरणं पण नीट येतात, क्रॉस रेफरन्स-इंडेक्सला तर बघावं लागत नाही. इथे तक्रारच नाही.

वैताग आणतं ते सुरुवातीचं पान. काही न सांगता चालवलं तर पुढे कोलॅबोरेटर्सचा भला मोठा तक्ता येतो, नाव, तारीख, सही वगैरे, जणू सरकारी फाइलच. 'डॉक डॉट कोलॅब डॉट शो' शून्य केलं की जातो, पण गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचाय तो, हे मला अजून कळलेलं नाही.

मराठीचं सांगतो, कारण गूगल करून हाती फार लागत नाही. ऑपरेटरसाठी सुरक्षेच्या सूचना मराठीत द्यायच्या होत्या. लेटेकवरून पीडीएफ बनवणारं इंजिन, म्हणजे बॅकएंड, निवडता येतं. नेहमीच्या पीडीएफटेकच्या नादाला लागूच नका, झीटेक ठेवा. तरीही मराठी अक्षरं उमटणार नाहीत कारण डीफॉल्ट फाँट डेजावू, त्यात देवनागरी नाहीच. मग 'झीटेक डॉट फाँट' पॅरामीटरमध्ये आपला फाँट द्यायचा, मी आयआयटी मुंबईचा शोभिका घेतला, आणि सोबत लिपी देवनागरी आहे हे सांगायचंच, नाहीतर 'विद्युत'मधली पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते आणि द्य फुटून द् आणि य वेगळे दिसतात, आणि असं छापून गेलं तर ऑपरेटर सूचना वाचणार नाही, हसणार.

एरर आली की खरी मजा. लेटेक सांगतं अमुक ओळीत गडबड, पण ती ओळ असते मधल्या टेक फाइलची, तुमच्या एक्सएमएलची नाही, आणि ती फाइल काम झालं की पुसली जाते. डीबगचा ऑप्शन लावला की टेंपररी फोल्डर शिल्लक राहतं, त्यात जाऊन बघायचं. माझ्याकडे बहुतेक वेळा तक्त्यात घोळ निघतो. कॉलमची रुंदी दिली नाही तर सगळे कॉलम सारखे पडतात आणि पार्ट नंबर शेजारच्या खान्यात घुसतो.

आता सांभाळणं. पायथन ३.१२ मधून 'इम्प' मॉड्यूल काढून टाकलं आणि सर्व्हर अपग्रेड झाल्यावर आमची जुनी प्रत सुरूच होईना, तिथे त्याच्या जागी इम्पोर्टलिब घालून भागवलं, ते किरकोळ. डोकं खाल्लं ते दुसऱ्याच गोष्टीने, आधीच्या माणसाने सगळे बदल टूलच्या मूळ एक्सएसएल फाइलींतच करून ठेवलेले, ना कमेंट ना काही. ओरिजिनल रिलीज उतरवून डिफ काढला, म्हणजे दोन्हीतला फरक, प्रत्येक बदल कशासाठी होता ते हुडकलं, निम्म्यांची आता गरजच नव्हती, उरलेले आमच्या एका वेगळ्या फाइलीत घेतले जी चालवताना वरून जोडली जाते. मूळ टूलला बोट लावायचं नाही हा आता टीममध्ये नियमच केलाय, नवीन व्हर्जन आलं की फक्त ती एक फाइल तपासायची.

एक धाकधूक आहे. डीबीलेटेक एक्सएसएलटी चालवायला सहसा एक्सएसएलटीप्रॉक हा प्रोग्रॅम वापरतं, म्हणजे खाली लिबएक्सएसएलटी ही लायब्ररी, आणि तिच्या मेंटेनरने २०२५ मध्ये काम सोडलं, क्रोम पण ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढतंय. कमांड लाइनवर आज काही अडत नाही, पण हे सगळं किती थोड्या लोकांच्या फावल्या वेळावर चाललंय ते तेव्हा कळलं.

डॉकबुकचा जुना ढीग असेल तर बिनधास्त घ्या. पाटी कोरी असेल तर आधी पॅनडॉक हा फाइलींचं रूप बदलणारा प्रोग्रॅम बघा, तो डॉकबुक वाचतो आणि लेटेकबरोबरच टाइप्स्ट या पानं जुळवणाऱ्या दुसऱ्या टूलसाठीही लिहितो. आमचे तक्ते मात्र त्यातून नीट निघाले नाहीत, सेल जोडलेले फार आहेत, त्यामुळे सध्या मुक्काम इथेच.