बालसाहित्याच्या फळीवर न सापडणारी पुस्तकं

बारा ते सोळा वयाच्या मराठी वाचकाची पंचाईत अशी की दुकानात त्याची स्वतःची फळीच नसते. एका बाजूला चित्रांची पुस्तकं आणि फास्टर फेणे, दुसऱ्या बाजूला थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बन्या भन्नाटच आहे, पण सातवीपर्यंत त्याची सगळी पुस्तकं वाचून संपतात. वर्षभरात वाचलेल्यांपैकी या वयाला सगळ्यात चपखल बसणारी चार पुस्तकं मोठ्यांच्याच कपाटात मिळतात.

पहिला मान प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'चा (1994). आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांपाशी वाढणारा लंपन यात स्वतःच बोलतो. मुलं इथे अडखळतात ती भाषेपाशी. वाक्यांना कानडी वळण, 'मॅडसारखा' हा शब्द ऊठसूट, आणि गोष्टीत 'काही घडतच नाही' अशी तक्रार. खरं तर घडतं ते सगळं लंपनच्या कानात, नाकात आणि डोक्यात. म्हणून पुस्तक नुसतं हातात ठेवून भागत नाही. पहिल्या गोष्टीची आठ-दहा पानं मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि तीही प्रमाण उच्चारात गुळगुळीत न करता, जशी छापलीत तशी. एकदा तो हेल कानात बसला की पुढचं मूल आपापलं वाचतं. अनोळखी शब्दाला दर वेळी थांबून अर्थ सांगू नये, लय तुटते. दोन-तीनदा आला की तो आपोआप कळतो. क्रमही पाळायचा: वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. लंपन पुस्तकागणिक मोठा होतो. चारही एकदम भेट मिळाली की मुलं नेमकं शेवटचं आधी उघडतात आणि कोण कुणाचं हेच कळेना म्हणून मिटून ठेवतात. आधी एकच घ्या.

मिलिंद बोकीलांची 'शाळा' (2004) आठवीच्या आत देऊ नये. शिव्या आहेत म्हणून नाही, त्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त येतात. नववीतल्या मुकुंद जोशीला वर्गातल्या शिरोडकर या मुलीबद्दल जे वाटतं ते स्वतःला थोडंफार वाटू लागल्याशिवाय पुस्तक नुसतं टवाळीचं वाटतं. अडचण दुसरीच आहे. मागे चालू असलेली आणीबाणी आजच्या मुलांना ठाऊक नसते आणि नरूमामाच्या बोलण्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. जून 1975 ते मार्च 1977 या काळात काय झालं ते पाच मिनिटांत आधी सांगून टाकावं. सुजय डहाकेंचा सिनेमा चांगला असला तरी पुस्तकानंतरच दाखवावा. नाहीतर मुकुंदाच्या डोक्यातली बडबड, जी पुस्तकाचा जीव आहे, मुलं भराभर ओलांडून जातात.

ज्यांना कादंबरी म्हटलं की जांभई येते त्यांना वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचं चरित्र. छोटी प्रकरणं, सोपी भाषा, रोज एक वाचलं तरी पुरतं. गुलामीत जन्मलेलं पोर टस्कीगीच्या संस्थेत शेतीशास्त्र शिकवायला जातं तिथवर पुस्तक हातातून सुटत नाही. पुढे कौतुकाचा पाक जरा जास्तच झालाय. वाचून झाल्यावर मुलं हमखास सांगतात की पीनट बटर कार्व्हरनेच शोधलं. ते खरं नाही, शेंगदाण्याच्या तशा लगद्याचं पेटंट 1884 सालीच एका कॅनडियन माणसाने घेतलं होतं. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग का लावायचा, हे त्याने शेतकऱ्यांना पटवलं ते काम मोठं. जीवशास्त्रातला नायट्रोजनचा धडा शिकवताना हे प्रकरण सोबत वाचायला द्यावं.

चौथं 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 1938 च्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी आणि त्याचं हरणाचं पाडस. पाडस घरात यायला बराच वेळ लागतो, त्याआधी अस्वलाची शिकार, साप असं रान भरून वाहतं. मुखपृष्ठावरचं हरीण पाहून बसलेला वाचक इथेच कंटाळतो, त्याला आधीच सांगावं की ही गोष्ट बापलेकाचीही आहे. शेवट जबर आहे. परीक्षेच्या आठवड्यात देऊ नये, आणि रात्री एकट्याने शेवटची प्रकरणं वाचायला तर मुळीच नको.