बाळंतपणाच्या रजेआधी: कर्ज फेडायचं, पैसे हाताशी ठेवायचे की घर आवरायचं?

रजेला तीन-चार महिने उरलेत. बँकेत लाख-सव्वा लाख शिल्लक आहे. डोक्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी, एक वैयक्तिक कर्ज, फ्लॅटचा हप्ता, शिवाय फ्रिजचेही काही हप्ते बाकी. माळ्यावर, पलंगाखाली, बाल्कनीत सामान कोंबलेलं. डोंबिवलीपासून नागपूरपर्यंत, दोघंही नोकरी करणाऱ्या कित्येक घरांत चित्र असंच असतं. सासरे म्हणतात, कर्ज फेडून मोकळे व्हा. आई म्हणते, दवाखान्यासाठी पैसे राखून ठेव. नणंद म्हणते, आधी घर आवर, नंतर हात मोकळा मिळायचा नाही. तिघांचंही म्हणणं खरं आहे, पण पैसा आणि अंगातली ताकद दोन्ही मोजकी, म्हणून क्रम लावावाच लागतो. माझा क्रम असा: महाग कर्ज आधी, मग हातातली रोकड, स्वस्त कर्ज सगळ्यात शेवटी. आणि आवरायचं ते सगळं घर नाही, तीनच जागा.

कर्जाचा हिशेब मांडण्याआधी आपली रजा कोणत्या प्रकारची आहे ते नीट पाहा, कारण सगळं उत्तर त्यावर ठरतं. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं असेल तर 26 आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपूर्वी ही रजा 12 आठवड्यांची होती. दोन मुलं हयात असतील तर तिसऱ्या वेळी आजही ती 12 आठवड्यांचीच आहे. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार आणि ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) नोंदणी असेल, तर हे पैसे कंपनीऐवजी महामंडळाकडून येतात. राज्य सरकारी नोकरीत 180 दिवस मिळतात.

म्हणजे पगारी रजा असलेल्या बाईला पहिले सहा महिने फारसे अडचणीचे नसतात. खड्डा पडतो तो नंतर. पाळणाघर मिळत नाही, आजी-आजोबा गावाला असतात, मग बिनपगारी रजा वाढवली जाते आणि नेमके तेव्हाच हप्ते टोचू लागतात. शिकवण्या घेणारी, पार्लर चालवणारी किंवा सुटी कामं करणारी असेल तर खड्डा पहिल्या महिन्यापासूनच. अशा घरासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी 5,000 आणि दुसरं बाळ मुलगी झाल्यास 6,000 रुपये आहेत. पात्र असाल तर अंगणवाडीत जाऊन अर्ज भराच, मात्र घर त्यावर चालत नाही. तेव्हा तुमचे बिनपगारी महिने किती असतील ते आधी कागदावर लिहा. त्या महिन्यांचे सगळे हप्ते आणि घरखर्च यांच्या बेरजेतून घरातला दुसरा पगार वजा करा. उरेल तेवढी रोकड तुम्हाला हवी आहे.

आता 60,000 रुपये मोकळे आहेत असं धरू. ते कुठे घातले की दर महिन्याला काय हाती लागतं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. व्याजदर सर्वसाधारण धरले आहेत, तुमच्या कागदावरचे घालून आकडे बदलून घ्या.

| पैसे कुठे घातले | धरलेला दर | महिन्याला वाचणारे किंवा मिळणारे रुपये |
|---|---|---|
| क्रेडिट कार्डाची थकबाकी | महिना 3.5 टक्के, व्याजावर 18 टक्के जीएसटी | सुमारे 2,480 |
| वैयक्तिक कर्ज | वार्षिक 14 टक्के | 700 |
| सोनेतारण | वार्षिक 10 टक्के | 500 |
| गृहकर्ज | वार्षिक 8.5 टक्के | 425 |
| बँकेत मुदत ठेव | वार्षिक 6.5 टक्के | 325, आणि मूळ पैसे आपल्याच हातात |

पहिली ओळ बाकीच्यांपासून किती लांब आहे ते बघा. कार्डावर थकबाकी असताना कुठलाही वेगळा विचार करायला जागाच नाही, ती आधी संपवायची. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो लहानसा आकडा छापतात तो भरत राहिलं की दंड टळतो, व्याज टळत नाही. शिवाय जुनी थकबाकी चालू असताना नवीन खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ज्या दिवशी वस्तू घेतली त्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून पाळणा, गादी, बाबागाडी अशी खरेदी त्याच कार्डावर करणं सगळ्यात महाग पडतं. थकबाकी मोठी असेल आणि एकरकमी भरणं जमत नसेल, तर घरातलं थोडं सोनं बँकेत तारण ठेवून कार्ड मिटवणं हा चांगला मार्ग आहे. सोनं गहाण टाकायला आपल्याकडे जीव कासावीस होतो, मला ते समजतं. पण वर्षाला 42 टक्क्यांचं कर्ज 10 टक्क्यांवर आणणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे. फक्त सोडवायची तारीख नेमकी बाळंतपणाच्या महिन्यात येणार नाही अशी मुदत घ्या.

वैयक्तिक कर्जाचं उत्तर इतकं सरळ नाही. हे कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, त्यामुळे मुदतीआधी फेडताना शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो; काही ठिकाणी पहिलं वर्षभर फेडूच देत नाहीत. समजा 60,000 बाकी आहेत आणि शुल्क 4 टक्के, म्हणजे जीएसटीसह 2,832 रुपये. कर्ज दहाच महिन्यांत संपणार असेल तर उरलेलं एकूण व्याजसुद्धा त्याहून फार जास्त नसतं. तरीही एक गोष्ट फेडण्याच्या बाजूने आहे: पूर्ण मिटवलं की महिन्याचा हप्ता जातो. रजेच्या काळात व्याजाच्या टक्क्यापेक्षा दर महिन्याला खात्यातून किती जातात हे जास्त महत्त्वाचं. फ्रिजच्या बिनव्याजी हप्त्यांचंही तेच. ते आधी भरून व्याज काही वाचत नाही, पण रजेतही ते चालू राहणार असतील तर लहान रक्कम देऊन एक हप्ता कमी करता येतो. रजेआधीच संपणार असतील तर हातच लावू नका.

पतपेढी आणि भिशी यांचा विचार अशा याद्यांमध्ये फारसा कुणी करत नाही, आणि आपल्याकडे तर घरोघरी त्या असतात. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जातो. बिनपगारी रजा सुरू झाली की कापायला पगारच नसतो, आणि थकलं तर नोटीस जामीनदाराला जाते. तो जामीनदार म्हणजे शेजारच्या टेबलावरची तुमची मैत्रीण. रजेवर जाण्याआधी पतपेढीत जाऊन हप्ता रोख किंवा खात्यातून भरण्याची लेखी व्यवस्था करा. भिशी तुम्ही आधीच उचलली असेल तर उरलेले हप्ते हे सरळ सरळ कर्ज आहे, ते यादीत लिहा. अजून उचलली नसेल तर बिनपगारी महिन्यात आपली पाळी मिळावी म्हणून गटातल्या बायकांशी आत्ताच बोला. एरवी कुरकुर करणारा गटही बाळंतिणीसाठी पाळी बदलून देतो.

आता गृहकर्ज. सासरे ज्याला ‘मोकळं होणं’ म्हणतात ते बहुतेक हेच. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचं शुल्क लागत नाही, त्यामुळे बोनस आला की तिथे भरण्याचा मोह होतो. पण तक्त्यातल्या शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. गृहकर्जात घातले तर 425 वाचतात, ठेवीत ठेवले तर 325 मिळतात. फरक महिन्याला 100 रुपये, ठेवीच्या व्याजावरचा कर धरला तर थोडा जास्त. एवढ्याशा खर्चात 60,000 रुपये तुमच्या हाताशी राहतात. सिझेरियन झालं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, विम्यातली बाळंतपणाची मर्यादा ओलांडली, तर गृहकर्जात भरलेले पैसे त्या रात्री बँक परत देत नाही. 20 वर्षांच्या कर्जात 60,000 भरून हप्ता कमी करून घेतला तरी तो जेमतेम 520 रुपयांनी उतरतो. म्हणून या वर्षापुरतं गृहकर्जाला जादा पैसे देऊ नका. बाळ वर्षाचं झालं आणि दोन्ही पगार रुळावर आले की खुशाल द्या.

घर आवरण्याची तुलना पैशांशी करताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा: जुनं सामान विकून कर्ज फिटत नाही. रद्दी, भंगार, जुना टीव्ही यांचे जे येतील ते येतील, फेडीच्या हिशेबात धरू नका. आवरण्याचा खरा फायदा वेगळा आहे. घरात काय आहे ते कळलं की नवीन विकत घ्यावं लागत नाही. मऊ झालेल्या सुती साड्या आणि आजोबांची धोतरं भांडीवालीला देऊन पातेलं घेण्याआधी बाजूला काढा. त्यांतून दुपटी आणि लंगोट निघतात, आणि बाळाच्या कातडीला नव्या कापडापेक्षा ते सोसतात. पाळणा तर नात्यात कुणाकडे तरी पडलेला असतोच, फोन करून विचारा.

सगळं घर की तीनच जागा? सगळं घर काढलं तर पाचव्या महिन्यात माळा उतरवला जातो, सातव्यापर्यंत अर्ध्या पिशव्या हॉलमध्ये तशाच राहतात आणि डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी पुन्हा माळ्यावर जातात. म्हणून झोपायची खोली, ओटा आणि त्याखालची कपाटं, आणि कागदपत्रं, बस. खोलीत रात्री अंधारात पलंगापासून मोरीपर्यंत अडखळल्याशिवाय जाता यावं. ओट्यावर आई किंवा सासूबाईंना न विचारता अळीव, डिंक, तूप सापडावं. स्टुलावर चढणं, ट्रंका ओढणं हे काम नवऱ्याचं किंवा दिराचं. रंगकाम आणि पेस्ट कंट्रोल त्या दिवसांत तुम्ही दुसरीकडे असाल तरच. बाळाचे कपडे ठेवायच्या कप्प्यातल्या डांबरगोळ्या मात्र आजच काढा. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, आणि त्या गोळ्यांच्या वासात राहिलेल्या कपड्यांमुळे अशा बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर हिशेब आणखी सोपा होतो. बाळ पहिले दोन-तीन महिने जिथे राहणार ती खोली माहेरची आहे. सासरच्या घराची आवराआवर तुम्ही परत येईपर्यंत थांबू शकते, आणि त्या काळात नवऱ्याला ती एकट्याने करता येते.

तिसरी जागा, कागदपत्रं, इथे कर्ज आणि आवरणं एकत्र येतात. एक रविवार द्या. विमा पॉलिसी, ठेवींच्या पावत्या, मिटवलेल्या कर्जाचे थकबाकी नसल्याचे दाखले, न वापरलेली पण वार्षिक शुल्क खाणारी कार्डं, सगळं एका फायलीत. कार्ड किंवा कर्ज मिटवताना ‘तडजोड’ म्हणून कमी रक्कम भरून सुटू नका, सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ते पूर्ण फेडीपेक्षा वेगळं दिसतं आणि पुढे कर्ज घेताना अडतं. त्याच फायलीच्या पहिल्या पानावर प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम आणि खातं लिहा आणि नवऱ्याला वाचून दाखवा. ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि तो फोन प्रसूतिगृहाच्या बाहेर कुणाच्या तरी पर्समध्ये असेल. म्हणून हप्त्यांना ऑटो डेबिट लावा आणि त्या खात्यात एका महिन्याचे हप्ते जादा ठेवा.