जुनी ट्यूब दुकानात सोडू नका

दिवाळीनंतर माझ्या रोड सायकलची बेळगावातल्या एका दुकानात पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मागचं चाक चार वेळा बसलं. आपल्या भागात सायकल चालवणाऱ्या कुणावरही हीच वेळ येऊ शकते, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा जांबोटी रस्त्यावर, किणयेच्या पुढे. दुकानात गेलो. "सर, आपले रस्तेच तसले हैत. उसाच्या ट्रॉल्या, ट्रकच्या टायरच्या तारा, त्यात ही बारीक टायरं," असं ऐकून घेतलं आणि नवीन ट्यूब बसवून घेतली. 450 रुपये, वर बसवणावळ 100. हे बोलणं पटण्यासारखंच होतं. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा हायवेच्या कडेला खरोखरच पडलेल्या असतात आणि सायकलच्या टायरमध्ये घुसतातही.

दुसऱ्यांदा राजहंसगडाच्या चढावर. तिथे मीच पॅच मारला. भोक सापडल्यावर बॉलपेनाने त्यावर फुली मारली, घासलं, सोल्युशन वाळू दिलं आणि घरी आलो. संध्याकाळी पुन्हा हवा गेली. परत दुकान, परत 450 आणि 100, शिवाय टायरच्या आत घालायची पंक्चररोधक पट्टी 700 रुपयांना. जुनी ट्यूब त्यांनी नेहमीसारखीच ठेवून घेतली. चाक उघडायचं काम आतल्या खोलीत चालायचं.

तिसऱ्यांदा चाक बसलं ते घरात. रात्री हवा भरून भिंतीला टेकवलेली सायकल, सकाळी टायर सपाट. घरात कुठला काटा आणि कुठली तार? तरीही मी दुकानातच गेलो, याचं आज वाईट वाटतं. त्यांनी आणखी एक 'नवीन' ट्यूब घातली आणि रिमच खराब आहे, दोन्ही चाकं बदला, 14 हजार होतील, असं सांगितलं.

चौथ्यांदा मी उद्यमबागेच्या रस्त्याकडेला बसणाऱ्या एका पंक्चरवाल्या मामांकडे थांबलो. त्यांनी माझ्यासमोर चाक उघडलं. ट्यूब बाहेर काढली तर तिच्यावर दोन पॅच. एकाच्या कडेने माझ्या बॉलपेनाची फुली डोकावत होती! मीच टाकून आलेली ट्यूब मला नवी म्हणून 450 रुपयांना विकली होती.

मामांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवून बुडबुडे शोधले. "तार घुसली तर भोक रस्त्याच्या अंगाला पडतंय. हे रिमच्या अंगाला हाय, बघा." मग व्हॉल्व्ह जुळवून ट्यूब रिमवर धरली. भोक बरोबर स्पोकच्या छिद्रावर आलं. स्पोकची छिद्रं झाकायला रिमवर पूर्वी कापडी टेप होती. सर्व्हिसिंगमध्ये ती काढून साध्या सायकलची रबरी पट्टी टाकलेली. 90 पीएसआय दाबाची हवा भरली की ती बाजूला सरकायची, ट्यूब छिद्रात दबायची आणि कडेवर कापली जायची. रस्त्याचा काही संबंधच नव्हता.

दुकानात जाऊन ती ट्यूब समोर ठेवली. "पोराकडनं चूक झाली," म्हणाले आणि दुसरी ट्यूब पुढे केली. 2350 रुपयांतला एक रुपयाही परत मिळाला नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मला माहीत होता, पण तीनपैकी एकाही वेळचं बिल मी घेतलेलं नव्हतं.

टायर बसवताना त्यावरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवा, म्हणजे ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरवरची आणि रिमवरची तीच जागा लगेच कळते. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तार राहिली असेल तर कापूस अडकतो, आणि ती काढल्याशिवाय नवी ट्यूबही टिकत नाही. शेजारी शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी असताना खड्ड्यात आपटलं. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटत असेल तर पंप लावताना हिसका बसतोय.

चाक तुमच्यासमोर उघडू द्या, नवी ट्यूब तुमच्यासमोर डब्यातून निघू द्या, आणि जुनी घरी आणा, फाटकी असली तरी. मामांनी दीडशे रुपयांत कापडी टेप लावून दिली. त्याला आता पाच महिने झाले. 14 हजारांना बदलायला सांगितलेलं तेच चाक अजून चालवतोय, एकदाही बसलेलं नाही.