मॉडेल रेसिंग बोटीची उचल: प्रॉपेलर घासावा, वळवावा की बदलावा?

पूर्ण वेगात धावणाऱ्या मॉडेल रेसिंग बोटीचा प्रॉपेलर साधारण अर्धाच पाण्यात असतो, त्यामुळे तो बोटीला केवळ पुढे ढकलत नाही. पाण्यात शिरणारे पाते पाणी खाली दाबते आणि बाहेर पडणारे पाते ते वर उडवते. शिरतानाचा जोर अधिक असल्यामुळे या दोहोंच्या वजाबाकीत वरच्या दिशेचा जोर शिल्लक राहतो आणि बोटीची पिछाडी उचलली जाते. आउटरिगर हायड्रो प्रकारात तर दोन स्पॉन्सन (बाजूंना आडव्या दांड्यांवर बसवलेले तरंगते) आणि प्रॉपेलर अशा तीनच बिंदूंवर बोट धावते. तेथे उचल कमी पडली तर पिछाडी पाण्यात घासते, नाक हलके होते आणि समोरच्या वाऱ्याने बोट मागे उलटते. उचल जास्त झाली तर पिछाडी उड्या मारू लागते आणि वळणावर नाक पाण्यात खुपसले जाते. डीप-व्ही मोनोमध्ये, म्हणजे व्ही आकाराच्या खोल बुडाच्या एकसंध बोटीत, दोष सौम्य दिसतो, पण जास्त उचलीने नाक दाबले गेले की बुडाचा अधिक भाग ओला राहतो आणि वेग जातो.

ही उचल ताब्यात ठेवण्याचे तीन मार्ग आहेत: स्ट्रटचा (प्रॉपेलरचा दांडा, म्हणजे शाफ्ट, मागे धरून ठेवणाऱ्या आधाराचा) कोन बदलणे, हातातल्या प्रॉपेलरची पाती घासून किंवा वळवून त्यांचा आकार बदलणे, आणि वेगळा प्रॉपेलर विकत घेणे. यांपैकी पहिला मार्ग मागे घेता येतो, दुसरा घेता येत नाही आणि तिसऱ्याला पैसे लागतात. निवड करताना माझ्या मते हाच फरक सर्वांत आधी लक्षात घ्यावा.

स्ट्रटचा विचार आकड्यांत करून पाहावा. प्रॉपेलर 3 किलो वजनाइतका रेटा देत असेल आणि शाफ्टची रेषा मागच्या बाजूला 2 अंशांनी खाली झुकवली, तर पिछाडीला सुमारे 105 ग्रॅमची वाढीव उचल मिळते, आणि पुढे ढकलणाऱ्या रेट्यातील घट एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी राहते. अडीच किलोच्या बोटीत शंभर ग्रॅमचा हा फरक नजरेला सहज दिसतो. मर्यादा एवढीच, की कोन बदलताना प्रॉपेलरची खोली बदलली तर दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळतात आणि नेमका फरक कशाने पडला ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट हलवावी. आणि स्ट्रट आडवा असतानाही पिछाडी उड्याच मारत असेल, तर दोष पात्यात आहे असे समजावे.

पात्यावर काम करायचे ठरवले तर कोणता बदल उचल कोणत्या दिशेने नेतो हे आधी स्पष्ट हवे. मॉडेल बोटींचे प्रॉपेलर बनवणाऱ्या ऑक्टुराच्या एक्स मालिकेतील प्रॉपेलरच्या पात्याला बुंध्याजवळ, मागच्या कडेला, जिभेसारखा पुढे आलेला भाग असतो. तो कापून काढला की पाण्यावर आपटणारे क्षेत्रफळ कमी होते, मोटरवरचा भार उतरतो, फेरे वाढतात आणि पिछाडीची उचलही घटते. उचल कमी करण्यासाठी हा सर्वांत सोपा बदल आहे, कारण त्यासाठी कानस आणि हाताची स्थिरता यांपलीकडे काही लागत नाही. मात्र संथ वेगातून उसळी घेण्याची ताकद त्यामुळे कमी होते, आणि जड मोनोला ती गमावणे परवडत नाही.

कप देणे, म्हणजे पात्याची मागची कड दाब देणाऱ्या बाजूकडे किंचित वळवणे, हे काम याहून नाजूक आहे, आणि याविषयीचा गोंधळही मोठा आहे. कप सरळ मागच्या कडेवर दिला तर प्रभावी पिच (प्रॉपेलर एका फेरीत तत्त्वतः जेवढा पुढे जाईल ते अंतर) वाढतो, प्रॉपेलर पाण्यावरची पकड उशिरा सोडतो, पण भार आणि विजेचा ओढा वाढतो. तोच कप टोकाकडे सरकवला तर तो रेक वाढवल्यासारखा वागतो. रेक म्हणजे पात्याचा मागे झुकाव. मागे झुकलेले पाते खालच्या स्थितीत असताना पाणी मागे आणि थोडे वर ढकलते, म्हणून प्रतिक्रियेने पिछाडी खाली दबते आणि नाक उचलले जाते. मोठ्या आउटबोर्ड इंजिनांच्या प्रॉपेलरमध्ये हेच तत्त्व वापरतात: नेहमीच्या प्रॉपेलरला सुमारे 15 अंश रेक असतो, शर्यतीच्या काही प्रॉपेलरमध्ये तो टोकाशी 30 अंशांपर्यंत जातो, आणि फार हलक्या बोटींना एवढा रेक अस्थिर करतो. म्हणजे नाक दाबले जाणाऱ्या मोनोला टोकाकडचा कप उपयोगी पडेल, पण आधीच नाक हवेत असलेल्या हायड्रोला तो उलटवेल. दोन्ही पात्यांवर अगदी सारखा कप देणे साध्या पकडीने कठीण असते. ज्याच्याकडे पात्याचा आकार मोजणारे मापक नाही त्याने हा मार्ग प्रथम निवडू नये.

यात तब्येतीचाही गंभीर मुद्दा आहे. ऑक्टुरासारखे प्रॉपेलर बेरिलियम-तांब्याचे असतात, आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत तिची गणना होते. कानस असो वा पॉलिश पेपर, काम ओलेच करावे, बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, कचरा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा मुले असलेल्या खोलीत करू नये. घरात वेगळी जागा नसेल तर स्टेनलेस स्टीलचा प्रॉपेलर घ्यावा, घासायला तो कठीण असला तरी.

घासल्यानंतर बॅलन्सिंग टाळता येत नाही. अक्षापासून 15 मिलिमीटरवर केवळ 0.1 ग्रॅम जास्त उरले, तर मिनिटाला 30,000 फेऱ्यांवर सुमारे दीड किलो वजनाइतका जोर शाफ्टला प्रत्येक फेरीत ओढत राहतो. त्याने बेअरिंग झिजते आणि स्ट्रटची सेटिंग हलते.

आता विकत घेण्याची बाजू. ऑक्टुराच्या क्रमांकांत माहिती लिहिलेलीच असते: एक्स 445 म्हणजे व्यास 45 मिलिमीटर आणि पिच व्यासाच्या 1.4 पट, म्हणजे 63 मिलिमीटर. त्याच मालिकेतील एक्स 442 वर उतरले, तर त्याच फेऱ्यांवर शक्तीची गरज सुमारे 29 टक्क्यांनी कमी होते, कारण समान घडणीच्या प्रॉपेलरमध्ये ती व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. उचलही त्यासोबत उतरते. उलट उचल वाढवायची असेल तर तीन पात्यांचा प्रॉपेलर हा घासण्याने न मिळणारा पर्याय आहे: पिछाडी वर राहते, धाव गुळगुळीत होते, आणि कॅटामरानला, म्हणजे दोन समांतर बुडांमधल्या बोगद्यातील हवेने नाक उचलले जाणाऱ्या बोटीला, तो विशेष मानवतो. कापलेली धातू परत लावता येत नाही, त्यामुळे उचल वाढवण्यासाठी घासण्याचा मार्ग मुळात तोकडा आहे.

तेव्हा उचल जास्त असलेल्या हायड्रोसाठी आधी स्ट्रट आणि मग जिभेची छाटणी, उचल कमी असलेल्या कॅटामरानसाठी तीन पाती, आणि नाक दाबणाऱ्या मोनोसाठी आधी स्ट्रट, मग लहान व्यास, शेवटी टोकाकडचा कप, हा क्रम मी सुचवेन. घासायचेच असेल तर एकाच क्रमांकाचे दोन प्रॉपेलर घ्यावेत. एक धार लावून बॅलन्स करून तसाच ठेवावा, दुसऱ्यावर बदल करावेत, आणि सारखी चार्ज केलेली बॅटरी वापरून, एकाच दिवशी, एकाच पाण्यावर दोन्ही लागोपाठ चालवून पाहावेत.