कबुतरांसाठी जाळी, काटे आणि तार: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

निकाल आधी सांगतो. डक्टवरची, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीवरची जाळी पूर्ण यशस्वी. रेलिंगवरची तार जवळपास तितकीच. काटे मात्र पुढच्या बाजूला पास झाले आणि मागच्या बाजूला सपशेल नापास, आणि पट्ट्या दोन्हीकडे एकाच खोक्यातल्या होत्या. या फरकामुळेच हे लिहायला घेतलं.

आधी थोडं कबुतरांबद्दल, कारण सामान विकणारे हे सांगत नाहीत. इमारतींवरची कबुतरं म्हणजे कड्याकपारींत राहणाऱ्या पारव्यांचे वंशज. त्यांना झाडाची फांदी नको, सपाट कपार हवी. आणि छज्जा, एसीच्या आउटडोअर युनिटची पाठ, डक्टमधला आडवा पाइप या त्यांच्या लेखी कपारीच. वीण वर्षभर चालू राहू शकते. एका वेळी बहुधा दोन अंडी, साधारण १८ दिवस उबवणी, पुढे महिनाभरात पिल्लं उडतात. आणि कित्येकदा ती उडण्याआधीच पुढची अंडी पडलेली असतात. म्हणून जोडीने एकदा बस्तान बसवलं की ती जागा सहजी सुटत नाही. नुसतं ऊन खात बसायची जागा असेल तर थोडी गैरसोय झाली तरी कबुतर पुढे सरकतं. बसायची जागा कुठली आणि राहायची कुठली, हे आधी चार दिवस खाली उभं राहून बघा. खरेदी त्यानंतर.

आमच्या पुढच्या कठड्यावर कबुतरं फक्त बसायची. तिथे पॉलिकार्बोनेटच्या पट्टीवर स्टेनलेस स्टीलचे काटे असलेला प्रकार सिलिकॉनने चिकटवला. टोकं बोथट असतात, पक्ष्याला इजा होत नाही. पाय टेकायला जागा उरत नाही, एवढंच. दुसऱ्याच आठवड्यात कठडा मोकळा झाला आणि आजही मोकळा आहे.

मागचा छज्जा ही राहायची जागा होती. वर सावली, तिन्ही बाजूंनी आडोसा. तिथे पहिले काही दिवस शांतता, मग एक नर काडी घेऊन आला. काट्यांच्या मागे, भिंतीला लागून चार बोटं जागा मोकळी होती. तिथे उतरला, आडवा आडवा सरकला आणि चोचीतली काडी दोन काट्यांच्या मधे ठेवली. काडी पडली नाही. उघड्या छज्ज्यावरच्या काड्या वाऱ्याने उडून जायच्या. काट्यांमुळे त्यांना उलट चांगला आधार मिळाला. आठवड्याभरात काटे दिसेनासे झाले. यात आमच्या कबुतरांचं विशेष कर्तृत्व आहे असंही नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये असल्याच काट्यांपासून बांधलेल्या घरट्यांची नोंद प्रसिद्ध केली. बेल्जियममधल्या अँटवर्पला मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याच्या एका घरट्यात सुमारे १,५०० काटे होते. त्या पक्ष्यांनी इमारतींवरच्या पट्ट्या उचकटून नेल्या होत्या आणि घरट्याच्या छपराला लावल्या होत्या. दुसऱ्यांना हुसकायला आणलेलं सामान स्वतःच्या संरक्षणाला वापरायचं, याला डोकं लागतं.

तेव्हा काटे घ्यायचे तर अरुंद आणि उघड्या जागेसाठी घ्या. रुंद छज्ज्यावर एकच ओळ लावून देणारा माणूस आला तर नको म्हणा. पुढच्या कडेपासून भिंतीपर्यंत पूर्ण रुंदी झाकली गेली पाहिजे. सिलिकॉन लावण्याआधी जागा धुऊन खडखडीत कोरडी करा, नाहीतर पट्टी विष्ठेच्या थराला चिकटते आणि थरासकट निघून येते.

धुण्यावरून एक गोष्ट, ही गंभीरपणे घ्या. वाळलेली विष्ठा झाडूने कोरडी झाडू नका. त्या धुळीतून क्रिप्टोकॉकस आणि हिस्टोप्लाझ्मा यांसारख्या बुरशी फुफ्फुसात जाऊ शकतात, सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो, आणि पिसं-विष्ठेच्या धुळीची ॲलर्जी होऊन फुफ्फुसांना कायमची इजा झालेलेही लोक असतात. आधी पाणी शिंपडून चांगलं भिजू द्यायचं, एन-९५ मास्क, हातमोजे, मग खरवडायचं. दम्याचा त्रास असलेल्यांनी या कामाच्या आसपासही थांबू नये.

आता जाळी. कबुतरांसाठी ५० मिलिमीटरचा चौकोन पुरतो. चिमण्याही अडवायच्या असतील तर १९ मिलिमीटर लागतो, पण मग जाळी नजरेला जास्त खुपते. साहित्यात खरा फरक पडतो. बाल्कनीला आधीपासून पारदर्शक नायलॉनची जाळी होती. नायलॉन पाणी शोषतो आणि सैलावतो, त्यामुळे पावसात तिला पोट यायचं. डक्टला मात्र उन्हात टिकणारी, गाठींची काळी पॉलिइथिलीनची जाळी घेतली. कडक ऊन आणि नंतरचा पाऊस दोन्ही तिने पाहिले. ताण जसाच्या तसा.

पण जाळीची खरी परीक्षा कडेला होते. बसवणारे बहुतेक जण भिंतीत ठरावीक अंतरावर हूक ठोकतात आणि जाळी थेट हुकांवर अडकवतात. मग दोन हुकांच्या मधे ती कमानीसारखी आत ओढली जाते आणि तेवढ्या फटीतून कबुतर येतं. डोकं खाली घालतं, छाती दाबून धरतं, पायांनी रेटा देतं की आत. आम्ही चारही बाजूंनी आधी स्टेनलेस स्टीलची वायर टर्नबकलने (पिळून ताण वाढवायच्या स्क्रूने) ताणून घेतली आणि जाळी त्या वायरला जवळजवळ कड्या दाबून जोडली. वेळ जास्त गेला, कारागीर कुरकुरला, पण पाइप भिंतीतून बाहेर येतो ती एक जागा सोडली तर फट कुठेच नव्हती. तिथे पाइपभोवती जाळीची वेगळी पट्टी गुंडाळून बांधावी लागली. हूकही स्टेनलेसचेच मागा. साध्या हुकांच्या गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात.

ढिली जाळी नुसती निरुपयोगी नसते, क्रूरही असते. पाय किंवा पंख अडकला की पक्षी लटकून मरतो. ताणलेल्या जाळीवर तो आपटून परत फिरतो. त्यामुळे मोठा वारा झाला की मी खालून वर एकदा नजर फिरवतो. जाळी बंद करण्याआधी आत अंडी, पिल्लं किंवा कोपऱ्यात दबलेलं मोठं कबुतर नाही ना हे टॉर्च घेऊन बघायचं, हे सांगायला नको; तरी सांगतो, कारण लोक बघत नाहीत.

एक तक्रार. एसीच्या मेकॅनिकने पहिल्याच सर्व्हिसिंगला जाळी सरळ कापली. जाळीत शिवून घ्यायची, उघडता-मिटता येणारी चेन (झिप) मिळते, ती सुरुवातीलाच बसवून घ्या.

तारेबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ती मुकाट्याने काम करते. छोट्या खुंट्यांवर नायलॉनचं आवरण असलेली बारीक स्टीलची तार, एका टोकाला स्प्रिंग. कबुतर रेलिंगवर उतरू पाहतं, तार पायाखाली हलते, दोनदा पंख फडफडवून तोल सावरायला बघतं आणि निघून जातं. खालून ती दिसतही नाही. रेलिंगसारख्या अरुंद जागेला याहून चांगलं काही नाही. रुंद जागेवर वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन ओळी लागतात, आणि घरटं असलेल्या जागी तिचाही निभाव लागत नाही.

चमकणाऱ्या फिती आणि प्लॅस्टिकचं घुबड यांना कबुतरं लवकरच सरावतात. आमच्या घुबडाच्या डोक्यावर कबुतराची शिट पडली तेव्हा ते काढून टाकलं. अल्ट्रासॉनिक यंत्र तर घेऊच नका. कबुतराला ते आवाज ऐकूच येत नाहीत. चिकट जेलपासूनही लांब राहा. त्यावर धूळ बसते, आणि तोवर लहान पक्ष्यांची पिसं त्यात चिकटतात.

कबुतरं कमी झाली का? नाही. समोरच्या इमारतीच्या छज्ज्यांवर गेली, आणि तिथल्या मंडळींना ते आवडलेलं नाही. जवळपास रोजचे दाणे मिळत असतील तर कुठल्याही जाळीने संख्या घटणार नाही.

मागच्या छज्ज्याला आता गुळगुळीत पत्र्याचा तिरका उतार करतो आहे. ४५ अंशांवर काही कबुतरं तग धरतात असं दिसलं, म्हणून ६० अंशांचा कोन धरला आहे. दोन्ही टोकं बंद करायची, नाहीतर पत्र्यामागच्या पोकळीत आयतं घर तयार होईल. पत्रा कापून ठेवला आहे. काट्यांमधल्या त्या घरट्यात मात्र सध्या दोन अंडी आहेत, त्यामुळे काम दीड-दोन महिने पुढे गेलं. पिल्लं उडाली की त्याच दिवशी घरटं उचलायचं. मादीने पुढची अंडी आधीच घातली नसली म्हणजे झालं.